आठ स्विचमध्ये सात पातळ्या: पण मोजायचं काय?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. ‘सात पातळ्यांच्या इन्व्हर्टरमध्ये (डीसीपासून सात पायऱ्यांचं एसी व्होल्टेज बनवणाऱ्या यंत्रात) कमीत कमी किती स्विच चालतील?’ या प्रश्नावर माझी पसंती आठ स्विचच्या रचनेला (स्विच म्हणजे इथे ट्रान्झिस्टर). मात्र नुसते स्विच मोजू नका, प्रत्येकाला किती व्होल्टेज सोसावं लागतं तेही मोजा.

नेहमीच्या रचनेत १०० व्होल्टचे तीन सोर्स, तीन एच-ब्रिज (सोर्स सुलटा, उलटा किंवा शून्य जोडणारी चार स्विचची जोडणी), १२ स्विच. प्रत्येकावर १००, बेरीज १२००. ‘कमी भागांची’ म्हणून मिरवणारी रचना तीन हाफ-ब्रिजनी (प्रत्येकी दोन स्विच) पायऱ्या रचते आणि एका एच-ब्रिजने दिशा उलटवते. स्विच दहाच, पण शेवटच्या चारांवर पूर्ण ३०० येतात, बेरीज १८००. शिवाय ते चार ५० हर्ट्झलाच चालतात. वरच्या स्विचचं गेट (त्याला चालू ठेवणारं टोक) ज्यावर चालतं तो बूटस्ट्रॅप कपॅसिटर छोटा टाकलात तर अर्ध्या आवर्तनाचे १० मिलिसेकंद तग धरत नाही, गेटचं व्होल्टेज मधेच बसतं. काही जण आणखी स्विच वाचवायला पायऱ्यांमध्ये नुसते डायोड घालतात. बल्बवर झकास चालतं. मोटर जोडली की व्होल्टेजच्या मागे पडलेल्या करंटला परतीची वाटच नसते, आणि झीरो क्रॉसिंगपाशी (व्होल्टेज शून्यातून जातं तिथे) स्पाइक उठतात.

मला पटते ती १०० आणि २०० व्होल्टच्या दोन एच-ब्रिजची जोडी. आठ स्विच, त्यांना चालवणारे आठ गेट ड्रायव्हर, बेरीज तीच १२००. करंटच्या वाटेत सहाऐवजी चारच स्विच, म्हणून कंडक्शन लॉसही (करंट वाहताना स्विचमध्ये वाया जाणारी ऊर्जा) कमी.

आता आउटपुट. ९.६, ३० आणि ५६.४ अंशांवर पायऱ्या बदलल्या तर टीएचडी (साइन लहरीपासूनची एकूण विकृती) साधारण १२.२ टक्के. उरलेले हार्मोनिक (५० हर्ट्झच्या पटीतल्या नको असलेल्या लहरी) खालच्या क्रमांकांचे, म्हणून फिल्टर अवजड होतो. त्यापेक्षा पीडब्ल्यूएम (स्विच वेगाने चालू-बंद करून सरासरीने हवं ते व्होल्टेज साधणं) करा, आणि तेही फक्त छोट्या, १०० व्होल्टच्या ब्रिजने. १०० ते २०० च्या पट्ट्यात मोठा २०० वर स्थिर ठेवा, छोटा उणे १०० आणि शून्य यांत खेळवा. मोठ्याचं स्विचिंग संथच राहतं.

गोम इथेच आहे. आउटपुटचं शिखर ३०० वरून २०० वर उतरवलंत की मोठा ब्रिज एकटाच सुमारे २२० शिखराचा फंडामेंटल (मूळ ५० हर्ट्झची लहर) देतो. वरचे २० छोट्याला गिळावे लागतात, म्हणजे ऊर्जा उलटी त्याच्या सोर्सकडे येते. छोट्या ब्रिजमागे डायोड रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा, एकाच दिशेने चालणारा) असेल तर डीसी कपॅसिटरचं व्होल्टेज चढत जातं आणि ओव्हरव्होल्टेज ट्रिप येतो (संरक्षण इन्व्हर्टर बंद पाडतं). छोट्या बाजूला बॅटरी किंवा दोन्ही दिशांनी चालणारा कन्व्हर्टर हवाच.