रेल्वेने युरोपातली जुनी शहरं: गावं कमी, रात्री जास्त

दोन आठवड्यांत आठ शहरं हा बेत नकाशावर देखणा दिसतो, पण निम्मी सुट्टी सामान ओढण्यात जाते. दोन तासांचा रेल्वेप्रवास प्रत्यक्षात पाच तास खातो: खोली सोडा, स्टेशन गाठा, फलाट शोधा, उतरा, नव्या गावात ट्रामचं तिकीट काढा, आणि खोली दुपारी तीनशिवाय मिळत नाही म्हणून बॅग कुठेतरी ठेवा. म्हणून दोन आठवड्यांना चार मुक्काम पुरे. प्रत्येक ठिकाणी किमान तीन रात्री, आणि मधले टप्पे दोन ते चार तासांचे.

मुक्कामाला सर्वांत प्रसिद्ध शहर निवडायलाच हवं असं नाही. जिथून चारी दिशांना गाड्या सुटतात ते गाव निवडावं. बेल्जियममध्ये बहुतेकजण ब्रुजला राहतात. मी गेंट सुचवेन. तिथून ब्रुज आणि ब्रसेल्स प्रत्येकी साधारण अर्ध्या तासावर, अँटवर्प तासाभरावर. रिकाम्या हाताने सकाळी जायचं, संध्याकाळी परतायचं. शिवाय गेंट संध्याकाळीही जागं असतं, आणि चित्रकार यान व्हॅन आइक यांनी १४३२ साली पूर्ण केलेलं वेदीचित्र इथल्याच कॅथेड्रलमध्ये आहे. एक गोष्ट आधीच माहीत हवी: गेंटचं मुख्य स्टेशन, सिंट-पीटर्स, जुन्या गावापासून दोनेक किलोमीटर दूर आहे. सामान असेल तर सरळ ट्राम धरा.

जुन्या शहरांत हे अंतर वारंवार भेटतं. रेल्वे आली एकोणिसाव्या शतकात. तोवर तटाच्या आत जागा उरली नव्हती, म्हणून स्टेशनं तटाबाहेर बांधली गेली. न्यूरेंबर्गला ते स्पष्ट दिसतं: स्टेशनातून बाहेर पडलात की रस्त्यापलीकडे तटबंदी उभी. अपवादही आहेत. कोलोनला कॅथेड्रल स्टेशनला खेटून आहे. व्हेनिसला तर सांता लुचिया नावाचं चर्च पाडून त्या जागी स्टेशन झालं आणि नाव तेच राहिलं. व्हेनिसचं तिकीट काढताना हेच नाव बघा. मेस्त्रे हे मुख्य भूमीवरचं स्टेशन. तिथे उतरलात तर कालवे अजून दहा मिनिटं पुढे आहेत.

नावांचा घोळ बेल्जियममध्ये सर्वाधिक. फ्रान्समधल्या लीलला जाणाऱ्या गाडीच्या फलकावर, स्टेशन डच भाषेच्या भागात असेल तर, 'रायसेल' लिहिलेलं असतं, आणि मोन्सचं 'बेर्गेन' होतं. तिकिटावरचं नाव पाटीवर सापडलं नाही तर घाबरू नका. गाडीचा क्रमांक आणि सुटण्याची वेळ जुळवा. भिंतीवर छापील वेळापत्रक असेल तर जर्मनीत आणि इटलीत पिवळा कागद सुटणाऱ्या गाड्यांचा, पांढरा येणाऱ्यांचा.

प्राग ते ड्रेस्डेन हा टप्पा मात्र घाई न करता, दिवसाउजेडी करा. सव्वादोन-अडीच तास लागतात आणि रूळ आधी व्लतावा, मग एल्ब नदीच्या काठाने जातात. उत्तरेकडे जाताना उजवी खिडकी घ्या, उलट येताना डावी. देचीन गेलं की वाळूखडकाचे कडे सुरू होतात आणि पिर्नापर्यंत सोबत करतात. तेवढा वेळ मोबाइल खिशात ठेवावा.

प्रागहून कुटना होरा हा दिवसभराचा उत्तम बेत, जाताना तासभर लागतो. पण मुख्य स्टेशन सेडलेट्स भागात आहे, आणि सेंट बार्बरा चर्च तिथून तीनेक किलोमीटर. उतरल्यावर आधी जवळचं, माणसांच्या हाडांनी सजवलेलं चर्च पाहा, मग स्टेशनवर परत येऊन 'मेस्तो' म्हणजे गावातल्या छोट्या स्टेशनकडे जाणारी लोकल घ्या. चेस्की क्रुमलोवला एका दिवसात जाऊन येण्याचा मोह टाळा. एका बाजूलाच तीन तास जातात, स्टेशन गावाबाहेर टेकडीवर आहे, आणि ते गाव खुलतं ते दिवसाची गर्दी ओसरल्यावर. एक रात्र राहा.

तिकिटांचं गणित मुक्कामांवर ठरतं. युरेल पास ३३ देशांत चालतो, आणि ठरावीक दिवसांच्या पासमध्ये एक प्रवासदिवस म्हणजे मध्यरात्र ते मध्यरात्र. चार मुक्कामांच्या संथ प्रवासात लांबचे टप्पे तीन-चारच असतात, त्यामुळे सुटी तिकिटं आगाऊ काढणं बहुधा स्वस्त पडतं. फ्रान्सची टीजीव्ही किंवा इटलीची फ्रेच्चारोसा अशी वेगवान गाडी असेल तर पास असूनही आरक्षणाचे वेगळे पैसे पडतात. जवळच्या फेऱ्यांची प्रादेशिक तिकिटं त्या दिवशीच काढा, आधी काढून हवामानाच्या हाती दिवस सोपवू नका. इटलीत प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट चढण्याआधी फलाटाजवळच्या यंत्रात शिक्का मारून घ्यावं लागतं. विसरलात तर दंड.

जर्मनीतून जाणार असाल तर गाडी बदलायला किमान पाऊण तास ठेवा. २०२४ साली तिथल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी जेमतेम ६२.५ टक्के वेळेवर पोचल्या, आणि त्यातही सहा मिनिटांहून कमी उशीर 'वेळेवर'मध्येच मोजला जातो. स्वस्त तिकीट एकाच गाडीशी बांधलेलं असतं, पण मुक्कामी वीस मिनिटं किंवा जास्त उशीर होणार असेल तर ते बंधन उठतं. तासाभराहून अधिक उशीर झाला तर सहसा तिकिटाचा चौथा हिस्सा, दोन तासांनंतर निम्मा परत मागता येतो.

डबा चढण्याआधीच तपासा, कारण काही गाड्या वाटेत दुभंगतात. बर्लिनहून ऱ्हाइन नदीकडे जाणाऱ्या कित्येक गाड्या हाम स्टेशनवर तुटतात: एक भाग कोलोनकडे, दुसरा ड्युसेलडोर्फकडे. डब्याच्या दारावरचा फलक वाचूनच बसा.

गाव बदलण्याचा दिवस शक्यतो सोमवार ठेवा. बरीच संग्रहालयं त्या दिवशी बंद असतात (पॅरिसचं लूव्र मंगळवारी). जर्मनी आणि ऑस्ट्रियात रविवारी दुकानं बंद असतात, तेव्हा मोठ्या स्टेशनातलं किराणा दुकान कामी येतं. आणि बॅग स्वतःला एका हाताने उचलता येईल एवढीच घ्या. फरसबंद गल्ल्यांत चाकं अडकतात, आणि व्हेनिसच्या बहुतेक पुलांना पायऱ्या आहेत.