कोर्दोबाला मुक्काम कराच

माद्रिद, सेव्हिल, ग्रानादा, बार्सिलोना अशा स्पेनच्या ठराविक सहलींत कोर्दोबाच्या वाट्याला जेमतेम अर्धा दिवस येतो. बस थांबते, मशीद दाखवतात, जेवण उरकतं की पुढे सेव्हिल. आम्ही दोघं स्वतःच बेत आखून गेलो होतो, त्यामुळे तिथे मुक्काम करता आला. आता कुणी विचारलं तर एकच सांगते, दिवस कमी पडत असतील तर बार्सिलोनाचा कापा, कोर्दोबाचा नको.

पोचणं सोपं आहे. माद्रिदच्या अतोचा स्टेशनवरून जलद गाडीने पावणेदोन तास लागतात. तिकिटं जितकी आधी काढाल तितकी स्वस्त. गाडीत बसण्याआधी सामान स्कॅन होतं आणि सुटण्याच्या काही मिनिटं आधी दार बंद करतात, त्यामुळे दादरला धावत लोकल पकडायची सवय इथे कामाची नाही. हॉटेल जुन्या गावात घ्या, पण बॅगा लहान ठेवा. गल्ल्यांतून गोटे बसवलेले आहेत, चाकांच्या बॅगेचा जीव जातो.

मेस्कीता म्हणजे इथली जुनी मशीद, आता कॅथेड्रल. सोमवार ते शनिवार सकाळी साडेआठ ते साडेनऊ आत जायला पैसे पडत नाहीत आणि त्या वेळेत गटांना मज्जाव असतो. मुक्काम करा म्हणते ते मुख्यतः ह्या एका तासासाठी. वेळ संपायच्या आधीच रखवालदार बाहेर काढायला लागतात, तेव्हा दारावर सव्वाआठलाच उभे राहा. नंतर तिकीट काढून पुन्हा निवांत जा. आम्ही तसंच केलं. मनोऱ्याचं तिकीट वेगळं आणि वेळ ठरवून मिळतं.

इथला मुसलमान अमीर पहिला अब्द अल-रहमान याने 785 च्या सुमारास बांधकाम सुरू केलं, पुढची दोनशे वर्षं ते वाढत गेलं. साडेआठशेहून जास्त खांब आहेत. सुरुवातीच्या भागातले खांब जुन्या रोमन आणि (मुसलमानांआधी इथे राज्य करणाऱ्या) व्हिसिगॉथ लोकांच्या इमारतींतून काढून आणलेले, बुटके. छत उंच हवं म्हणून कमानीवर कमान चढवली. पांढरा दगड, लाल वीट, पुन्हा दगड. माझा नवरा सिव्हिल इंजिनिअर, तो खांबांच्या माथ्यांकडे बघत मान अवघडेपर्यंत फिरला. राज्याचा कारभारी अल्मन्सूर याने सगळ्यात शेवटी वाढवलेल्या भागात गेलात तर कमानी नीट निरखून बघा. तिथला लाल पट्टा विटेचा नाही, दगडावर रंग फासलाय! मिहराबाकडे, म्हणजे मक्केची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्याकडे, मात्र अशी काटकसर नाही. सोन्याच्या बारीक तुकड्यांची नक्षी आहे, कठड्याबाहेरूनच बघावी लागते.

1236 मध्ये ख्रिश्चन राजा तिसरा फर्नांदो याने शहर जिंकलं आणि मशिदीचं चर्च झालं. पण मधोमध भलंमोठं कॅथेड्रल उभारायला सुरुवात झाली ती 1523 मध्ये. खांबांच्या त्या अंधाऱ्या रांगांतून एकदम उजेडात, उंच पांढऱ्या घुमटाखाली येतो आपण. मला ते अजिबात रुचलं नाही. नवऱ्याचं म्हणणं, चर्च झालं म्हणून तर इमारत टिकली. हा वाद जेवणापर्यंत चालला आणि तिथे मिटला नाही.

जेवणाचं सांगायचं तर शाकाहाऱ्यांनी एक वाक्य पाठ करून जावं: ‘सिन हामोन’, म्हणजे हॅम नको. साल्मोरेखो हे टोमॅटो, पाव, लसूण आणि ऑलिव्ह तेलाचं थंडगार, दाट सूप. पण वर उकडलेलं अंडं आणि हॅमचे तुकडे पेरून देतात, न सांगता. तळलेल्या वांग्यावर काकवी घालून देतात ती प्लेट आम्ही रोज मागवली. अंडं चालत असेल तर बटाट्याची जाडजूड तोर्तिया, म्हणजे आमलेट, घ्या. रात्रीचं जेवण साडेआठच्या आधी मिळण्याची आशा धरू नका.

ज्यू वस्तीतलं 1315 चं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनाघर, एका खोलीएवढं आहे. 1492 मध्ये ज्यूंना हाकलल्यावर तिथे पिसाळलेलं कुत्रं चावलेल्या रोग्यांचं इस्पितळ होतं. दहा मिनिटांत बघून होतं. जवळच इथे जन्मलेल्या ज्यू तत्त्वज्ञ मायमोनिदीसचा पुतळा आहे, लोकांनी हात लावून लावून त्याचा जोडा चकचकीत झालाय.

इथल्या घरांची फुलांनी भरलेली अंगणं मात्र घाईत बघू नयेत. मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात घरमालक आपापली दारं उघडतात, पण गर्दी आणि हॉटेलांचे दर दोन्ही सोसावे लागतात. इतर वेळी वियाना वाड्यात जा, तिथे बारा चौक आहेत. पुण्यातल्या वाड्याच्या चौकात भिंतीभर कुंड्या टांगाव्यात, तसं काहीसं. उंचावरच्या कुंड्यांना पाणी घालायला लांब काठीच्या टोकाला पत्र्याचा डबा बांधतात. सान बासिलिओ भागात एक आजी तो डबा असा तिरका करत होत्या की खाली फरशीवर थेंब पडत नव्हता.

शहराबाहेर आठेक किलोमीटरवर मदीना अझहारा आहे. तिसऱ्या अब्द अल-रहमानने 936 च्या सुमारास वसवायला घेतलेली ही राजधानी शतकभरही टिकली नाही. आधी खालचं संग्रहालय बघा, मगच तिथल्या बसने वर जा, नाहीतर नुसते चौथरे दिसतात. सावली नावाला नाही. टोपी आणि पाणी हवंच.

जुलै-ऑगस्टमध्ये पारा सर्रास चाळिशी ओलांडतो, त्यामुळे एप्रिल किंवा ऑक्टोबर बरा. दुपारी दोन ते पाच दुकानं बंद असतात, तेव्हा झोपा आणि संध्याकाळी रोमन पुलावर या. आणि सोमवार टाळा: मेस्कीता उघडी असते, पण मदीना अझहारा, सिनेगॉग, वियाना आणि आल्काझार हा राजांचा किल्ला, सगळ्यांची सुट्टी त्याच दिवशी.