ओर्काला मराठी आणि हिंदी दोन्ही वाचायला लावणे: इंदुरातल्या जुळणीची नोंद

ओर्का हा लिनक्सवर पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा वाचक (स्क्रीन रीडर). इंदूरच्या मराठी घरातल्या संगणकाला तीन भाषा वाचाव्या लागतात. बँकेची ईमेल इंग्रजीत, नगर निगमची सूचना हिंदीत, घरच्यांचा मजकूर मराठीत. हिंदी-मराठीची लिपी एकच, म्हणून ओर्काला आवाज पुरवणाऱ्या ईस्पीक-एनजीला लिपीवरून भाषा कळत नाही. जो आवाज निवडला असेल त्यातच तो सगळे देवनागरी वाचतो. हिंदी आवाजात ४५ चे ‘पैंतालीस’ होते, ‘चाक’मधला च तालव्य होतो. दृष्टिहीन माणसाला दिवसभर हे ऐकायला लावणे योग्य नाही.

पाया डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार), मॅटे डेस्कटॉप, एक्स-११ (पडदा हाताळणारी जुनी व्यवस्था) सत्र. इन्स्टॉलरचा मेनू आला की बीप वाजतो, बायोसवर (संगणक सुरू करणारी जुनी पद्धत) एकदा, यूईएफआयवर (नवी पद्धत) दोनदा. तेव्हा एस आणि मग एंटर दाबायचे. पुढचे प्रश्न बोलून विचारले जातात, उत्तरे आकड्यांनी द्यायची. या वाटेने गेले की बसवलेल्या सिस्टिमवरही वाचक सुरू असतो. डोळस माणूस शेजारी बसवावा लागत नाही, म्हणून ही पायरी वगळू नका.

सर्वाधिक छळणारा दोष आवाजाचा: काळ्या कन्सोलवर (फक्त मजकुराच्या पडद्यावर) बोलणे ऐकू येते, डेस्कटॉपवर ओर्का गप्प. कन्सोलसाठीची ईस्पीकअप सेवा आल्सा या लिनक्सच्या साउंड व्यवस्थेमार्फत साउंड कार्ड धरून बसते आणि डेस्कटॉपला ते मिळत नाही. कन्सोल लागत नसेल तर ती सेवा डिसेबल करा. लागत असेल तर साधे यूएसबी साउंड कार्ड लावून ईस्पीकअपला तेच द्या. निदान करताना आधी टर्मिनलमधून एसपीडी-से ही चाचणीपुरते बोलायला लावणारी आज्ञा चालवून पाहा. तो बोलला तर दोष ओर्काच्या सेटिंगमध्ये. तोही गप्प असेल तर स्पीच डिस्पॅचर (ओर्का आणि ईस्पीक यांना जोडणारा प्रोग्रॅम) किंवा साउंडमध्ये.

आता मुख्य काम. इन्सर्ट आणि स्पेसने ओर्काची प्रेफरन्सेस उघडा. व्हॉइस टॅबमध्ये सिंथेसायझर ईस्पीक-एनजी, भाषा मराठी. इथे डिफॉल्ट, अपरकेस, हायपरलिंक, सिस्टिम असे चार प्रकार आहेत. हायपरलिंकचा आवाज आधी वेगळा निवडलेला असेल तर मराठी पानावरचा प्रत्येक दुवा परक्या उच्चारात येतो, तोही मराठी करा. मेनू इंग्रजीत ठेवले असतील तर सिस्टिमचा आवाज इंग्रजीच बरा. मराठी मजकुरातले रोमन शब्द ईस्पीक आपणहून इंग्रजीत वाचतो, त्याची काळजी नको.

मग जनरल टॅबमध्ये ‘सेव्ह ॲज’ने ‘मराठी’ प्रोफाइल करा, भाषा बदलून ‘हिंदी’ही करा. सुरुवातीचे प्रोफाइल मराठी ठेवा. की-बाइंडिंग्जमध्ये पुढच्या प्रोफाइलवर जाण्याच्या आज्ञेला मुळात कळ दिलेली नसते, ती द्या. निवडलेली जोडी आधीच वापरात असेल तर ओर्का तसे सांगतो. एका दाबात भाषा बदलते.

क्यूटी या टूलकिटवर बनवलेले प्रोग्रॅम मुके राहिले तर एन्व्हायर्नमेंट फाइलमध्ये क्यूटीचा ‘ॲक्सेसिबिलिटी ऑलवेज ऑन’ व्हेरिएबल १ करून पुन्हा लॉगिन करा.

बाकी राहिले आहेत कृतिदेव आणि श्रीलिपी या जुन्या फॉन्टांतले पीडीएफ. त्यातली अक्षरे युनिकोड नसल्याने ओर्का निरर्थक रोमन अक्षरे वाचतो, आवाज कोणताही असो. पुढच्या टप्प्यात ही पाने ३०० डीपीआयवर चित्रात बदलून टेसरॅक्ट या अक्षरे ओळखणाऱ्या प्रोग्रॅमच्या मराठी आणि हिंदी डेटाने ओळखून घ्यायची आहेत.