काचेच्या कौलाखाली

स्मरणिकेच्या समितीतून फोन आला, "जुना वर्गाचा एखादा फोटो असेल तर पाठव." आहे माझ्याकडे. अकरा जणांचा. पण त्यात एकाचंही तोंड दिसत नाही.

आम्ही १९८४ सालचे दहावीचे. वर्ग जुन्या कौलारू इमारतीत, आणि छतात एकच काचेचं कौल. सर फळा पुसायला लागले की खडूची धूळ त्या कवडशात शिरायची आणि छतापासून फरशीपर्यंत उजेडाचा खांब उभा राहायचा. धूळ बसली की खांब गेला, उरला फक्त फरशीवरचा वीतभर चौकोन. तो तिसऱ्या बाकाच्या पायाला टेकला की मधली सुट्टी झालीच समजा. थंडीत हा हिशोब पार चुकायचा, हा भाग वेगळा.

तो खांब मला फोटोत हवा होता. चित्रकलेच्या सरांकडे आगफा क्लिक ३ होता, एका रोलवर १२ फोटो निघायचे. त्यातले पाच मी खांबावर उडवले. रोल धुतला तर पाचही जागा काचेसारख्या कोऱ्या! त्या साध्या कॅमेऱ्याला वर्गातला उजेड पुरणारा नव्हता. सहावा फोटो भर दुपारी झेंड्याच्या खांबाखाली काढलेला, मित्रमैत्रिणींचा. सगळ्यांच्या डोळ्यांच्या जागी काळे खड्डे आणि नाकाखाली सावलीच्या मिशा, मुलींनासुद्धा. सर म्हणाले, "ऊन डोक्यावर आलं की फोटो काढायचा नसतो, डबा खायचा असतो." आणि पुढे म्हणाले, "आता माणसं सोड. त्यांच्या सावल्या काढ."

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेआधी, कोवळ्या उन्हात, आम्ही चुन्याच्या भिंतीकडे तोंड करून ओळीने उभे राहिलो. कॅमेरा माझ्याकडे, म्हणून कोपरं बाहेर आलेली सावली माझी. दोन वेण्या कोणाच्या ते तिला कळेलच. टोपी आणि हातात घंटेचा हातोडा, ते आपले शिपाईमामा. पोरांच्या नादाने तेही येऊन उभे राहिले आणि त्या दिवशी घंटा उशिरा झाली.

प्रिंट काढली प्रयोगशाळेत, खिडक्यांना घोंगड्या लावून. तांबड्या दिव्याखाली ट्रेमधला कागद हलवत होतो. निगेटिव्हमध्ये सावल्या पांढऱ्या होत्या, त्यामुळे कागदावर उजेड तिथूनच जास्त पडलेला. साहजिकच आधी सावल्या उगवल्या. कोऱ्या कागदावर अकरा काळी माणसं, आणि भिंतीचा पत्ताच नाही. तिच्यावरचे पोपडे, चुन्याचे ओघळ मागाहून हळूहळू आले. मग चित्र पक्कं करणारं हायपोचं पाणी, मग बादलीत धुणं. घरी दाखवली तर वडील म्हणाले, "यात माणूस कुठंय?"

पुढे उजेड मोजणारा मीटर असलेला कॅमेरा घेतला तेव्हा वेगळीच गंमत. मीटरला सगळं जग मधल्या करड्या रंगाचं वाटतं. अंधारा व्हरांडा दाखवला तर तो अंधार उजळायला बघतो, आणि उन्हाचा पट्टा जळून पांढरा फटक होतो. म्हणून मी अजून माप उन्हाच्या पट्ट्यावरच घेतो आणि सावलीला काळी होऊ देतो. फार जण तिथं चुकतात, सावलीतलंही सगळं दिसलं पाहिजे म्हणून.

त्या वर्गावर आता स्लॅब आहे, असं ऐकलं. फोटो सोबत पाठवतोय. छापखान्यात तेवढं सांगा, तोंडं दिसत नाहीत म्हणून उजळ करू नका.