तानपुरा म्हणजे खरखर नव्हे

२०१९च्या ऑगस्टमध्ये नाशिकला पूर आला, नदीतला दुतोंड्या मारुती पाण्याखाली गेला, गंगेचं, म्हणजे आमच्या गोदावरीचं, पाणी सराफ बाजारात शिरलं. आमच्या जुन्या घराच्या तळमजल्यावर नानांच्या रेकॉर्डची ट्रंक होती. पाणी ओसरल्यावर उघडली, तर कव्हरांचा लगदा झालेला आणि रेकॉर्डच्या खाचाखाचांत बारीक पिवळट गाळ. भाऊ म्हणाला, टाकून दे. मी रिक्षात घालून कॉलेज रोडला घरी आणली.

एलपी, म्हणजे प्लास्टिकच्या मोठ्या रेकॉर्ड, धुवायला फक्त वेळ लागतो. लेबल ओलं होऊ द्यायचं नाही. डिस्टिल्ड पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब, मऊ ब्रश, आणि हात खाचांच्या दिशेनं गोल फिरवायचा, आडवा कधीच नाही. मग नुसत्या पाण्यानं पुन्हा एकदा, आणि स्वयंपाकघरातल्या ताटाळ्यात उभ्या करून वाळवायच्या. चार दिवस आम्ही ताटं ओट्यावरच ठेवत होतो.

चूक झाली ती ७८च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या रेकॉर्डवर. गायक बापूराव पलुसकरांची होती. विष्णू दिगंबरांचे हे चिरंजीव आपल्या नाशिकचे, जन्म १९२१चा, आणि १९५५मध्ये, चौतिसाव्या वर्षी गेलेसुद्धा. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मिळायची, तेवढ्यात हा माणूस अख्खा राग डोळ्यांपुढे उभा करायचा. त्या रेकॉर्डवर मी स्पिरिटचा बोळा फिरवला, कारण एलपीवरचे बोटांचे डाग त्यानंच निघाले होते. बोळा काळा झाला. वाटलं, मळ निघतोय. ती लाख होती. ७८च्या रेकॉर्ड लाखेच्या, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. अजून आठवलं की पोटात कालवतं.

धुतलेल्या रेकॉर्ड मी लॅपटॉपवर घेऊन त्यांच्या सीडी करते. सीडी कशाला, असं मुलगी विचारते. आत्याला मोबाइलवर गाणं लावता येत नाही, सीडी प्लेअरचं एक बटण दाबता येतं, म्हणून. एका सीडीत एक एलपी, दोन्ही बाजू.

लॅपटॉपवर घेताना मी पहिली एलपी किशोरीताई आमोणकरांची घेतली. खरखर काढायची सोय ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे: नुसत्या खरखरीचा एक तुकडा आधी निवडून दाखवायचा, मग सॉफ्टवेअर तसला आवाज सगळीकडून वजा करतं. मी आलापाआधीचा शांत तुकडा दाखवला. ऐकलं तर सगळं स्वच्छ, पण गाणं पोरकं. तीनदा ऐकल्यावर कळलं, तानपुराच गेला होता! मला जो तुकडा शांत वाटला त्यात तानपुरा चालू होता. एकसारखा, न थांबता वाजणारा आवाज, म्हणजे त्या यंत्राच्या लेखी खरखरच. तबल्याचंही तसंच. टकटक काढायचं बटण जोरात लावलं की तबल्याच्या ‘ना’ या बोलाची कडक थाप बोथट होते.

आता मी सुई टेकल्यापासून तानपुरा सुरू होईपर्यंतच्या रिकाम्या खाचा, तेवढे दोन-तीन सेकंदच दाखवते, आणि खरखर थोडीशीच कमी करते. मोठे ओरखडे हातानं, एकेक. एका बाजूला दोन संध्याकाळी जातात. जाऊ देत.

आमच्या रविवारच्या बैठकीत प्रत्येकानं आपली एकच आवडती एलपी आणायची असते. समोरचे काका दर वेळी भीमसेन जोशी आणतात, मी किशोरीताई, आणि श्रेष्ठ कोण यावरून चहा गार होतो. गेल्या रविवारी मी दोन्ही सीड्या लावल्या, साफसूफ केलेली आणि खरखर ठेवलेली. काकांनी डोळे मिटले होते. पहिली थांबवून दुसरी लावली तसे म्हणाले, “हां, आता बाई खोलीत आल्या.”

नाशिकमधल्या कुणाच्या माळ्यावर जुन्या रेकॉर्ड असतील तर मला सांगा, सीडी करून देईन, पैसे नकोत. फक्त आणण्याआधी पुसू नका. धुळीसकट आणा.