आजीचं माहेर फाइलीतून गायब झालं तेव्हा

"ताई, पणजोबांना दोन वडील दिसतायत आणि आजीला माहेरच नाही. काय पाठवलंयस तू?"

न्यू जर्सीहून आतेभावाचा फोन. मी ठाण्यात चहाचा कप हातात घेऊन बसलेली. आदल्या रात्री त्याला आमच्या घराण्याच्या वंशावळीची ४१२ माणसांची फाइल पाठवली होती, त्यावरचा हा त्याचा अभिप्राय.

मूळ माहिती काकांची. त्यांनी गावोगाव फिरून कुलवृत्तांत छापला होता. त्यात मुलींची नावं होती, पण त्यांच्यापुढे रेघ नव्हती. मुलगी सासरी गेली की तिचं पान संपलं. त्या हिशेबाने हा आतेभाऊ पुस्तकात नव्हताच, म्हणून हे काम पुन्हा करायला घेतलं. काकांच्या पश्चात कपाटात एक सीडी सापडली, पण मजकूर जुन्या डीटीपीच्या फाँटमधला. युनिकोडमध्ये आणताना सगळे रफार आणि वेलांट्या भलत्याच अक्षरांवर जाऊन बसले. शेवटी पुस्तक समोर ठेवून पुन्हा टाइप केलं. त्यात दोन पावसाळे गेले.

टाइप केलं ते ग्रॅम्प्स नावाच्या वंशावळीच्या प्रोग्रॅममध्ये. हा फुकट मिळतो आणि आपल्याच संगणकावर चालतो. आतेभाऊ मात्र पैसे भरून एक परदेशी संकेतस्थळ वापरतो. दोघांमधला पूल म्हणजे जेडकॉम. युटामधल्या मॉर्मन चर्चने १९८४ साली वंशावळीची देवाणघेवाण करण्यासाठी ही पद्धत काढली. फाइल नोटपॅडमध्येही उघडते. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला आकडा असतो. शून्य म्हणजे नवीन माणूस किंवा कुटुंब, एक म्हणजे त्याची माहिती, दोन म्हणजे त्या माहितीचा तपशील. बँकेत लेजर वाचण्यात आयुष्य गेलेल्या मला हे पटकन उमगलं. सध्या बहुतेक ठिकाणी चालते ती ५.५.१ ही आवृत्ती. ती १९९९ मध्ये मसुदा म्हणून आली आणि अधिकृत व्हायला २०१९ उजाडलं. सरकारी फाइलीलाही लाजवेल असा वेग!

त्याआधीच्या पहिल्या प्रयत्नात त्याच्याकडे नुसती प्रश्नचिन्हं उमटली होती. ती फाइल मी दुसऱ्याच एका जुन्या प्रोग्रॅममधून काढली होती आणि त्याने अक्षरांसाठी एन्सेल ही जुनी पद्धत वापरली होती. त्या पद्धतीत देवनागरी नाहीच. मग ग्रॅम्प्समधून यूटीएफ-८ या युनिकोडच्या पद्धतीत काढली, तेव्हा नावं दिसली. पण लांब टिपांत 'दत्तकविधानझाले' असे शब्द चिकटलेले. ५.५.१ मध्ये एका ओळीला २५५ अक्षरांची मर्यादा, म्हणून लांब मजकूर तोडून पुढच्या ओळीत नेतात. तुटीच्या जागी मोकळी जागा आली तर वाचणारा प्रोग्रॅम ती खुशाल गिळतो. २०२१ मध्ये आलेल्या ७.० या आवृत्तीने ही तोडातोडी बंद केली, यूटीएफ-८ सक्तीचं केलं आणि फोटो फाइलीबरोबरच एका गाठोड्यात बांधून पाठवायची सोय केली. पण दोन्ही टोकांना ७.० कळणारे प्रोग्रॅम हवेत, आणि आमच्याकडे तेच नव्हते.

दोन वडिलांचं कोडं सोपं होतं. पणजोबा दत्तक गेलेले, म्हणून मी त्यांना जनक आणि दत्तक अशी दोन्ही घरं जोडली. कोणतं नातं जन्माचं आणि कोणतं दत्तकाचं हे सांगायला जेडकॉममध्ये स्वतंत्र खूण आहे, ती मी केलीही होती. त्याच्या संकेतस्थळाने ती वाचलीच नाही.

आजीच्या बाबतीत मात्र चूक माझी. जेडकॉममध्ये एका माणसाला कितीही नावं देता येतात, माहेरचं, लग्नानंतरचं. पण पहिलं लिहिलेलं नाव ते मुख्य. मी सासरचं नाव आधी लिहिलं, कारण घरात सगळे तिला त्याच नावाने ओळखतात. समोरच्या प्रोग्रॅमने पहिलं नाव घेतलं आणि दुसरं टाकून दिलं. म्हणजे काकांच्या पुस्तकात मुलींच्या पुढची रेघ गेली होती, माझ्या फाइलीत सुनांच्या मागची गेली! मग बसून सगळ्या सुनांची नावं उलटी केली, माहेरचं आधी. आता आतेभावाची आई विचारते, "ही कृष्णा कोण?" आत्या, ती तुमची आईच.

तारखांचं दुखणं वेगळंच. पणजोबांचा जन्म 'शके १८२४, माघ वद्य ५'. जेडकॉमला ग्रेगोरियन, ज्युलियन, हिब्रू आणि फ्रेंच क्रांतीची कालगणना ठाऊक आहे. फ्रेंच क्रांतीची ती कालगणना जेमतेम बारा वर्षं चालली, तरी तिला जागा आहे आणि शकाला नाही. ग्रॅम्प्समध्ये इराणी, इस्लामी आणि स्वीडिशही आहेत, तिथेही शक नाही. मी आपली ७८ मिळवून १९०२ लिहून मोकळी झाले. मग लक्षात आलं, माघ म्हणजे वर्षाची अखेर, तिथे ७९ मिळवायला हवेत. साल १९०३. मूळ तिथी कंसात शब्दांत ठेवायची मुभा आहे, म्हणून तशी ठेवली. शिवाय टीपेतही लिहिली, कारण कंस कोण गिळेल सांगता येत नाही. ७.० मध्ये नवी कालगणना पुरवणी म्हणून जोडता येते आणि ती चर्चा गिटहब या प्रोग्रॅमरांच्या संकेतस्थळावर उघड चालते. शकाचा प्रस्ताव तिथे मांडायचं माझ्या मनात आहे. भाच्याला सांगितलंय, इंग्रजी तू बघ, पंचांग मी बघते.

हयात माणसं मात्र मी फाइलीतून वगळूनच पाठवली. त्यावर आतेभाऊ थोडा रुसला, कारण त्यात तो स्वतःही गेला. पण आईचं माहेरचं आडनाव हा बँकेतला ठरलेला सुरक्षा-प्रश्न असतो, ते अनोळखी सर्व्हरवर मी ठेवणार नाही.

तिसऱ्या खेपेला ओळीन् ओळ जुळवली. त्याने फाइल उलट पाठवली, मी ती मूळ फाइलीशी ताडून पाहिली. एकच नोंद अडली, पणजीची. जेडकॉममध्ये आडनाव दोन तिरक्या रेघांच्या मध्ये लिहितात. द्वारका, आणि पुढे दोन रेघा. मध्ये काहीच नाही. काकांनाही सापडलं नव्हतं. वाईला एक चुलत आत्या आहेत, नव्वदीच्या. दुपारी चारनंतर त्यांना नीट ऐकू येतं म्हणे.