व्यासांनी न लावलेलं लग्न

वत्सलेचं लग्न व्यासांनी लावलेलं नाही. महाभारताची अठरा पर्वं उलटीपालटी करा, बलरामाची ही मुलगी त्यात सापडत नाही. तिथे अभिमन्यूचं लग्न होतं ते विराटाच्या उत्तरेशी. पण सोलापूरच्या पूर्व भागात हे मोठ्याने बोलायची सोय नाही. या लग्नात पोटभर जेवलेली हजारो माणसं तिथे राहतात, आणि पंगत उठल्यावर ‘लग्न झालंच नव्हतं’ म्हणणं बरं दिसत नाही.

गोष्ट माहीत नसलेल्यांसाठी चार ओळी. बलरामाने मुलगी अभिमन्यूला देऊ केलेली. पांडव द्यूतात सगळं घालवून बसतात आणि इकडे सोयरिकीचा सूर बदलतो. राज्य गेलेल्या घरात पोरगी द्यायची कशी? तेवढ्यात दुर्योधनाच्या लक्ष्मणाचं स्थळ येतं. (वधूवर सूचक मंडळाची पायरी चढलेल्या आईबापांना यापुढचं समजावून सांगायला नको.) मग कृष्णाच्या संमतीने घटोत्कच झोपलेल्या नवरीला पलंगासकट उचलून नेतो, तिचं रूप घेऊन स्वतःच लग्नघरात येऊन बसतो आणि त्याचे राक्षस वऱ्हाडासाठी आख्खा बाजार मायेने उभा करतात. एवढा ऐवज समोर असताना सिनेमावाले हात बांधून बसतील होय?

नाहीच बसले. १९२१ साली कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी यावर मूकपट काढला, त्यात नवरी सुरेखा आहे म्हणून ‘सुरेखाहरण’. त्यातला कृष्ण म्हणजे पुढचे व्ही. शांताराम. १९४९ मध्ये दत्ता धर्माधिकारींचा ‘मायाबाजार’ आला. १९५७ मध्ये के. व्ही. रेड्डींनी तेलुगू आणि तमिळ असा दुहेरी ‘मायाबाजार’ काढला, त्यातल्या तेलुगूत नवरी शशिरेखा झाली. दुसऱ्याच वर्षी बाबूभाई मिस्त्रींचा हिंदी ‘मायाबाजार’. सिनेमाच्याही आधीपासून तिकडे आंध्रात सुरभी नाटक मंडळी रंगमंचावर धूर, पडदे आणि दोऱ्या घेऊन हेच लग्न लावत होती. एक नवरी, तीन नावं आणि मांडवांची तर मोजदादच नको.

यातला आमचा मांडव तेलुगू. घर साखर पेठेकडे, म्हणजे मराठी आणि तेलुगू यांच्या सांध्यावर. एका कानाला आजीच्या ओव्या, दुसऱ्या कानाला यंत्रमागाची खडखड. पिढ्यांपूर्वी तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर, त्यांचे माग, दारात मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बायका, नारळी पौर्णिमेला निघणारा मार्कंडेयाचा रथ, हे सगळं आमच्याच गल्लीतलं, पाहुण्यांसारखं नव्हे. गेंट्याल टॉकीजच्या बाजूला तेलुगू सिनेमे लागायचे. जुने सिनेमे पुन्हा लागले की शेजारची अक्का चारचौघांना घेऊन निघायची आणि तिच्या व्यंक्याबरोबर मीही.

मला तेलुगू येत नव्हती. ‘रा’, ‘पो’ आणि दोन शिव्या, एवढं भांडवल. त्यामुळे भाषांतराचं काम व्यंक्याकडे. आणि व्यंक्या हा भाषांतराच्या बाबतीत अत्यंत कंजूष माणूस. शकुनी हात चोळत, भुवया उडवत पाच मिनिटं बोलायचा. मी विचारायचो, “काय म्हणलाला बे?” उत्तर यायचं, “लग्न मोडू म्हणलाला.” पडद्यावर कुणी ताना घेत पद्य लावलं की व्यंक्या शेंगा सोलायला घ्यायचा. पद्य संपल्यावर एकदाच सांगायचा, “राग आलाय त्याला.”

पण विनोदाच्या जागी तो एकदम उदार व्हायचा. दुर्योधनाचा लक्ष्मण, म्हणजे रेलंगी, पडद्यावर आला की व्यंक्या स्वतःच्या पदरचं घालायचा. हा लक्ष्मण त्याच्या भाषांतरात बापाच्या कारखान्यात फुकटचा मालक होऊन बसलेला, हजेरीबुक न उघडणारा, पगाराच्या दिवशी मागच्या दाराने पळणारा असा होता. गल्लीतल्या एका शेठच्या पोराशी त्याचं साम्य जरा जास्तच होतं. आता तो सिनेमा सबटायटलांसह बघतो आणि ती वाक्यं येत नाहीत, तेव्हा सबटायटलवाल्याने कामात कुचराई केलीय असंच वाटतं.

भाषेवाचून अडत नव्हतं त्याला कारण सावित्री. शशिरेखाही तीच आणि शशिरेखेच्या रूपातला घटोत्कचही तीच. म्हणजे नाजूक बाईने आडदांड राक्षसाचं सोंग करायचं, आणि तो राक्षस पुन्हा नाजूक बाईचं सोंग करतोय. मैत्रिणी जवळ आल्या की लाजायचं, त्यांची पाठ फिरली की पाय फाकवून उभं राहायचं, मिशीवरून हात फिरवायचा आणि मिशी नाही हे मधेच आठवून तोच हात केसांकडे न्यायचा. तिच्या गाण्यात पी. सुशीलांच्या गोड आवाजात मधूनच घंटसालांचा पुरुषी आवाज फुटतो तेव्हा आख्खं थिएटर लोळायचं. अभिनय म्हणजे काय यावर पुढे पुष्कळ जाड जाड वाचलं. त्यातलं फारसं काही या हाताच्या पुढे गेलेलं नाही.

आजीचा मात्र या सिनेमाला विरोध होता. तिने धर्माधिकारींचा पाहिलेला. तिच्या मते तोच खरा, कारण त्यातली माणसं माणसांसारखी बोलतात, म्हणजे मराठी. गंमत अशी, की अक्काच्या देवघरात भिंतीवर एक मुरलीधर होता, भरल्या गालांचा आणि मोठ्या डोळ्यांचा. हळदीकुंकवाला गेली की आजी त्याला मनोभावे हात जोडायची. तो मुरलीधर म्हणजे एन. टी. रामाराव. ‘मायाबाजार’मधल्या कृष्णाने त्यांचं असं काही बस्तान बसवलं, की तेलुगू घरांत कॅलेंडरावरचा कृष्ण कित्येकदा त्यांच्याच चेहऱ्याचा असायचा. त्याआधी एका सिनेमात त्यांचा कृष्ण लोकांना रुचला नव्हता, म्हणून ही भूमिका घ्यायलाही ते बिचकत होते म्हणे. १९८३ मध्ये रामाराव मुख्यमंत्री झाले तेव्हा व्यंक्याने गल्लीत जाहीर केलं, “आमचा कृष्ण सीएम झाला बे!” आजीने ऐकलं, जरा विचार केला आणि म्हणाली, “होऊ दे बाई, कुणीतरी नीट राज्य करू दे.” त्यानंतरही तिचा नमस्कार चालूच राहिला.

खरं भांडण लाडवांवरून व्हायचं. लग्नघरी वऱ्हाडासाठी रांधलेलं सगळं घटोत्कच एकटा फस्त करतो तो प्रसंग. एस. व्ही. रंगाराव मांडी ठोकून बसतात. हातानं खाणं संथ वाटतं म्हणून की काय, ताटंच्या ताटं आपण होऊन पुढे सरकतात आणि लाडू एकामागून एक उडत तोंडात जातात. तोंड मिटायला फुरसत नाही, तरी हसू आहेच. गाण्यात गारेलू, बूरेलू, अरिसेलू, पुलिहोरा, अप्पडालू अशी यादी चालू. पिक्चर सुटल्यावर व्यंक्याला सगळ्यात आधी भूक लागायची ती गारेलूची. माझ्यासाठी मात्र त्याच ताटात पुरणपोळी आणि कटाची आमटी होती, कारण आजीने गोष्ट सांगताना तेच वाढलं होतं. संक्रांत जवळ असेल तर शेंगांची पोळीसुद्धा. लाडू तर मी बुंदीचेच पाहिलेत, स्वच्छ केशरी. व्यंक्याने रव्याचे पाहिले, पांढरे. सिनेमा होता काळापांढरा! कुणाचंच खोटं ठरत नव्हतं.

बाजार म्हणजे कसा असतो याचीही आमची कल्पना ठरलेली होती. होम मैदानावर गड्ड्याची यात्रा भरते तसा. काल नुसती धूळ, आज पाळणे, भांड्यांची दुकानं, मौत का कुआँ आणि तळणीचा वास. राक्षसांनी केलं तर त्यात एवढं काय, दर जानेवारीत आमच्याकडे माणसं करतातच की.

मिस्त्रींचा हिंदी ‘मायाबाजार’ पुढे बऱ्याच वर्षांनी टीव्हीवर पाहिला. मिस्त्री हे जादूचे बादशहा. १९३७ च्या ‘ख्वाब की दुनिया’त वस्तू हवेत चालवायला त्यांनी काळा धागा वापरला आणि लोकांनी त्यांचं नावच ‘काला धागा’ पाडलं. पण सोलापूरच्या पोरांना धाग्याने फसवणं अवघड. घरात कांड्या भरलेल्या, अंगणात सूत वाळत घातलेलं, विडीच्या टोकाला दोरा. आम्ही दोघं टीव्हीला नाक लावून धागा शोधत बसलो आणि त्या नादात सिनेमा हातचा गेला. मला विचाराल तर त्यात जादू पुष्कळ आहे, पण भूक नाही. रंगारावांचा घटोत्कच आधी भुकेला आहे आणि मग मायावी. हिंदीत ते उलटं वाटलं.

२०१० मध्ये हैदराबादच्या एका कंपनीने तेलुगू ‘मायाबाजार’ रंगीत करून पुन्हा थिएटरात आणला. फार मेहनतीचं काम, हे मान्य. मार्कस बार्टलींनी भर उन्हात चित्रित केलेलं नौकेतलं चांदणं रंगातही चांदणंच राहिलं, तेही मान्य. पण लाडू पिवळे झाले. बुंदीचे नाहीत, रव्याचे नाहीत, कुणा तिसऱ्याच्याच घरचे. व्यंक्याने फोन करून विचारलं, “बघितलास?” म्हटलं, “बघितलं.” दोघंही थोडा वेळ गप्प राहिलो. मग तो म्हणाला, “बेसनाचे केलेत बे.”

परवा त्याच्याकडे गेलो होतो. आता त्याचा टॉवेलचा स्वतःचा कारखाना आहे आणि हॉलमध्ये भिंतीएवढा टीव्ही. बरोबर माझी भाची होती, शाळकरी. तिचा घटोत्कच वेगळाच, २००८ च्या कार्टूनमधला, गुटगुटीत बाळ. ते कार्टून काढलं सिंगीतम श्रीनिवास राव यांनी, आणि तेच तरुणपणी के. व्ही. रेड्डींचे सहायक म्हणून ‘मायाबाजार’च्या सेटवर होते. म्हणजे वऱ्हाडाला वाढणाऱ्याच माणसाने पन्नास वर्षांनी नव्या पोरांसाठी वेगळी पंगत मांडली. हे मी तिला उत्साहाने सांगितलं. तिने “बरं” म्हटलं.

व्यंक्याने रंगीत प्रत लावली. प्रियदर्शिनीची पेटी आली, उघडताच शशिरेखेला त्यात अभिमन्यू दिसतो ती. आम्ही दोघांनी मोठ्या अपेक्षेने भाचीकडे पाहिलं. “व्हिडिओ कॉल,” ती म्हणाली आणि तिने पॉपकॉर्न पुढे ओढले. सावित्रीचा हात मिशीकडे गेला तेव्हा मात्र ती खुदकन हसली आणि तेवढं पुन्हा लावायला लावलं. मग पुन्हा. लाडवांचा रंग तिला ठीक वाटला.

शेवटाकडे तिने विचारलं, “पण मामा, यात पांडव कुठेत?”

मी गप्प. एवढा तीन तासांचा सिनेमा, सगळा खटाटोप पांडवांच्या पोराच्या लग्नाचा, आणि पाचांपैकी एकही जण पडद्यावर फिरकत नाही. रेड्डींनी मुद्दाम केलेली ही करामत मी पुढे कधीतरी वाचली होती, पण तिला नेमकं काय सांगावं ते सुचेना.

व्यंक्याने मात्र नेहमीप्रमाणे भाषांतर करून टाकलं. “वनवासात आहेत की. तिकीट नाही मिळालं त्यांना.”